शंभर मीटरची गोष्ट

आपल्या १९९० च्या दहावीच्या बॅचमधल्या कोणालाही शाळेचं फाटक आठवायला सांगा, फाटकाआधी मामांची वडापावची गाडी आठवेल. ती गाडी फाटकापासून हलली त्या वर्षाची हकीकत स्मरणिकेत नोंदवून ठेवावी, असं संपादक मंडळाला वाटलं. काही मला आठवते तशी, काही आपल्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी निवृत्तीनंतर सांगितली तशी लिहितो. चूकभूल द्यावी घ्यावी.

मामा मूळचे गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा खात्यात पाऊल टाकता आलं नाही. परळ-लालबागच्या चाळींतून त्यानंतर कोणी भाजी विकायला बसलं, कोणी मामांसारखी गाडी लावली. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील याच संपातले, त्यामुळे महिनाअखेरीस मामा उधारी लिहून ठेवत आणि वसुलीसाठी घरी कधी येत नसत.

शेजारी कोपऱ्यावर शेठचं हॉटेल होतं. शेठना आपण पोरं खलनायक समजत होतो. ते अन्यायाचं होतं, हे आज सांगायला हवं. त्यांना दुकानाचं भाडं होतं, गुमास्ता होता, पालिकेचा खाद्यगृहाचा परवाना होता, नोकरांचे पगार होते. दाराशी बिनभाड्याचा, बिनपरवान्याचा माणूस अर्ध्या किमतीत तोच वडा विकतो, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. १९८९ च्या पावसाळ्याआधी त्यांनी वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज दिला. त्यात मुद्दे दोनच: गाडीला परवाना नाही, आणि ती शाळेपासून शंभर मीटरच्या आत आहे.

हे शंभर मीटर आले कुठून? १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकायला आधीपासूनच मनाई होती. पण १९८४ मध्ये बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाल्यांसाठी अटी ठरवून दिल्या. जागा एक मीटर बाय एक मीटर. देवस्थान, शिक्षणसंस्था आणि रुग्णालय यांच्यापासून शंभर मीटर दूर, बाजारापासून दीडशे मीटर दूर. फेरीवाल्यांसाठी स्वतंत्र क्षेत्रं आखायची, असंही त्यात होतं. क्षेत्रं आखण्याचं काम रखडत राहिलं. मनाई मात्र लगेच लागू झाली. म्हणजे कुठे बसू नये ते मामांना ठाऊक होतं, कुठे बसावं ते सांगायला कोणी नव्हतं.

मामांकडे परवाना नव्हता, पण पावत्या होत्या. १९८८ च्या सुमारास पालिकेने विनापरवाना फेरीवाल्यांकडून रोजची पावती फाडायला सुरुवात केली होती. ती जागा अडवल्याचा आणि कचरा उचलण्याचा आकार. तिने हक्क मिळत नसे. मामा त्या पावत्या तारेत ओवून गाडीच्या दांडीला लटकवत. तपासनीस आला तेव्हा त्यांनी ती तारच पुढे केली. “रोज पैसे घेता, मग मी बेकायदा कसा?” या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी पालिकेची गाडी आली आणि कढई, स्टोव्ह, पाट्या उचलून घेऊन गेली. मधल्या सुट्टीत आपण सगळे फाटकाच्या गजांना धरून ते बघत होतो.

वॉर्ड ऑफिसने मग शाळेचं म्हणणं मागवलं. शिक्षकांत दोन तट होते. काही पालकांची उघड्यावरच्या खाण्याबद्दल तक्रार होती, आणि आदल्या पावसाळ्यात वर्गात काविळीने आजारी पडलेली मुलंही होती. उलट काही बाई म्हणत, ही मुलं सकाळी चहा पिऊन येतात, एक वडापाव हेच त्यांचं जेवण. सरांनी पत्र लिहिलं ते असं: शाळेची या इसमाबद्दल तक्रार नाही, मात्र नियमातून सूट द्यावी असंही शाळा म्हणत नाही. सर मला पुढे म्हणाले, “दुसरं वाक्य लिहिताना हात थांबला होता. पण शाळेने नियम मोडा म्हणून लिहून कसं द्यायचं?”

मामांनी दंड भरून कढई सोडवली आणि गाडी मागच्या गल्लीत, चाळीच्या भिंतीशी लावली. वीस मिनिटांच्या सुट्टीत तिथवर जाऊन परत येणं जमत नसे. धंदा निम्म्यावर आला. शेठनी दाराशी काउंटर टाकून वडापाव सुरू केला. तो महाग होता, आणि काउंटरचा निम्मा भाग फुटपाथवरच होता. त्याचं अंतर कोणी मोजलं नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी, ३० ऑगस्ट १९८९ ला, दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की रस्त्यावर धंदा करणं हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे. मात्र अमुकच जागेचा हक्क कोणाला नाही. मामांच्या गल्लीपर्यंत ही बातमी पोचली नाही. फेरीवाल्यांचा केंद्रीय कायदा यायला २०१४ उजाडलं. त्याने सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि ४० टक्के फेरीवाले सदस्य असलेली नगर पथविक्रेता समिती आणली. सर्वेक्षण पुरं होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही, असंही त्यात आहे. तरी २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशात ते शंभर मीटर पुन्हा आलेच.

शेठचं हॉटेल आता नाही. इमारत पाडून तिथे टॉवर झाला. तेही भाडेकरूच होते. मामाही गेले. त्यांच्या मुलाने सर्वेक्षणात अर्ज भरला, सोबत ती पावत्यांची तार जोडली. पावत्यांवरची शाई उडाली होती. प्रमाणपत्र अजून हातात आलेलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी दुपारचा वडापाव त्याच्याकडूनच मागवला आहे. आणि एक विनंती: आपल्यापैकी दोघे आज वकील आहेत, एक पालिकेत अधिकारी आहे. जेवण झाल्यावर दहा मिनिटं त्याचे कागद बघा. उधारीच्या वहीत आपली नावं होती, एवढं लक्षात असू द्या.