फियाट गेली, एसयूव्ही आली

आपली सोसायटी उभी राहिली त्याच सुमारास, म्हणजे २००० च्या आसपास, कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडायची थांबली. त्यामुळे आपल्या आवारातल्या गाड्यांचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात तिच्यापासूनच करायला हवी.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि कुर्ल्यात फियाट गाड्या बनू लागल्या. आधी आली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’. मग १९६४ च्या सुमारास चौकोनी बांध्याची ११०० डिलाइट. तीच सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. मुंबईकर मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. तेव्हा परवान्यांचा जमाना होता. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. म्हणून गाडी दारात आली की हार, नारळ आणि शेजारीपाजारी पेढे!

आता तिच्या शेजारी आजची आलिशान एसयूव्ही उभी करू. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी मर्सिडीज जीएलएस घ्या. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, हिचं जवळपास ३००० सीसीचं. पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या आतबाहेर, हिचं सुमारे अडीच टन. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, पुढची सीट सलग बाकासारखी. थंडीत चोक ओढायचा, नाहीतर चार जणांनी धक्का मारायचा. नाक्यावरचा मेकॅनिक पान्याने आणि कानाने तिचं दुखणं ओळखायचा. जीएलएसला आधी संगणक जोडावा लागतो.

पण जुनं ते सगळंच सोनं, असंही नाही. पद्मिनीत ना एअरबॅग, ना एबीएस. उन्हाळ्यात घाट चढताना रेडिएटर तापला की बाटलीतलं पाणी ओतत बसायचं. लेकरंबाळं घेऊन रात्रीचा प्रवास करायचा, तर आजची गाडी कितीतरी भरवशाची, हे मान्यच करायला हवं.

खरा फरक पडलाय तो जागेत. पद्मिनी ३.९३ मीटर लांब, १.४६ मीटर रुंद. जीएलएस ५.२ मीटर लांब आणि जवळपास २ मीटर रुंद. हिशेब केला तर एका जीएलएसच्या जागेत पावणेदोन पद्मिनी मावतात. घरटी गाड्या वाढल्या, गाड्याही फुगल्या. आवार मात्र २५ वर्षांपूर्वी होतं तेवढंच आहे. मुलांचं क्रिकेट, संध्याकाळचा ज्येष्ठांचा फेरफटका, गणपतीचा मांडव, सगळं त्यातच बसवायचंय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. ती काही परत यायची नाही. गाडी कुठली घ्यायची, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा आणि खिशाचा प्रश्न. पण पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघेल, तेव्हा गाड्यांबरोबर माणसांसाठीही थोडे पट्टे आखूया.