नजरबाद (म्हैसूर) : दारूमुक्ती सहायता गटाच्या सभेला कसे जावे

दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या सभेला जाण्यासाठी अर्ज, आधार कार्ड, रेशन कार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला यांपैकी काहीही लागत नाही. शुल्कही नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., या गटांची पात्रतेची अट एकच आहे : दारू सोडण्याची इच्छा. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेले हे काम १९५७ पासून भारतात चालू आहे. ही सरकारी योजना नव्हे. हे गट बाहेरची देणगी किंवा अनुदान घेत नाहीत. तरीही या पोर्टलवर त्याची माहिती देण्याचे कारण म्हणजे सरकारी उपचार संपल्यावर पुढचे रोजचे दिवस निभावायला अशा गटांचाच आधार लागतो.

सभेच्या आधी डॉक्टर केव्हा?

रोज, सकाळपासून पिण्याची सवय असेल तर दारू एकदम बंद करू नका. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास आणि भ्रम होऊ शकतात, आणि यात जीवही जातो. घरचे लोक खोलीला कडी लावून ‘सुटेल आपोआप’ म्हणतात, ते धोक्याचे आहे. फिट, भ्रम किंवा रक्ताची उलटी झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

नजरबादहून इर्विन रोडवरचे कृष्णराजेंद्र रुग्णालय (के.आर. हॉस्पिटल) रिक्षाने जवळ आहे. मोठे सरकारी रुग्णालय असल्याने तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा आणि डॉक्टरांना रोज किती पिता ते खरे सांगा. औषधाची मात्रा त्यावरच ठरते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलाही उपचार मिळतो. बाकीचे बहुतेक घरातच असतात.

सभा कुठे आणि केव्हा, हे कसे कळेल?

सभांच्या जागा व वेळा बदलत राहतात, म्हणून भिंतीवरच्या जुन्या पत्रकावर विसंबून निघू नका. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ निःशुल्क आहे. टेलिमानस १४४१६ ही मानसिक आरोग्य हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि २० भाषांत सेवा देते; मराठीतून बोलायचे असेल तर भाषा निवडताना तसे सांगा. ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावरही गटांचे संपर्क मिळतात. फोनवर चार गोष्टी विचारा : आज सभा आहे का, खोली नेमकी कोणती, भाषा कोणती, आणि सभा ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’. ओपन सभेला नातेवाईक बसू शकतात. क्लोज्ड सभा फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी असते.

सभा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरली तर बिचकू नये. जागा स्वस्तात मिळते इतकाच त्याचा अर्थ. धर्म कोणी विचारत नाही.

म्हैसुरातल्या सभेत कन्नड कानावर पडेल, तमिळ किंवा इंग्रजीही. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांना त्याची अडचण नसते, पण नोकरीनिमित्त नुकत्याच आलेल्याला असते. ‘नानु होसब’ (मी नवीन आहे, बाईने ‘होसबळु’ म्हणावे) एवढे म्हटले तरी कोणीतरी शेजारी बसवून घेते. मन मोकळे करायला मात्र आपलीच भाषा लागते. महाराष्ट्रातले काही मराठी गट ऑनलाइन सभा घेतात. आठवड्यात एक तशी आणि बाकीच्या जवळच्या, असा मेळ घालता येतो.

पहिल्या दिवशी काय होते?

दहा मिनिटे आधी पोहोचा. सभा साधारण तास-दीड तास चालते. एकेक जण पहिल्या नावाने ओळख देऊन आपला अनुभव सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुम्हाला बोलायचे नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणावे. डबा फिरतो, त्यात नव्या माणसाने काही टाकलेच पाहिजे असे नाही. चहाला थांबा, फोन नंबर तिथेच मिळतात, आणि संध्याकाळी सातला दुकानाकडे पाय वळतात तेव्हा तोच नंबर कामी येतो. तोल जाऊन पुन्हा प्यालात तरी सभा बंद होत नाही. त्या दिवशी शांत बसावे लागेल, इतकेच. कार्यालयाला दाखला हवा असल्यास तो रुग्णालयातून घ्यावा, गटाकडून अपेक्षा करू नये.

खेड्यातून येणाऱ्यांनी धर्मस्थळच्या जनजागृती वेदिकेची मद्यवर्जन शिबिरेही विचारावीत. ती कन्नडमधून होतात, आणि शिबिरानंतर गावातल्या ‘नवजीवन समिती’त भेटत राहता येते.

माणूस यायलाच तयार नसेल तर?

घरच्यांनी त्याची वाट पाहू नये. पत्नी, आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यासाठी अल्-अॅनॉन हे वेगळे गट असतात. तिथे जायला पिणाऱ्याची परवानगी लागत नाही. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ किंवा आपत्कालीन ११२ वर आधी फोन करा, सभेचे नंतर पाहता येईल.