वायर लावली का?

विनिपेगला असताना मी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. जानेवारीत पारा उणे ३० अंशांवर गेला, त्या सकाळी किल्ली फिरवली तर नुसता 'टक्' आवाज! शेजारचे आजोबा हसले. म्हणाले, ''रात्री वायर लावली नाहीस ना?''

तिथे गाड्यांच्या नाकाशी वायर लोंबत असते. तिचा इतिहास मला तेव्हा कळला. अशा थंडीत इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं, बॅटरीचा जोर निम्म्याहून कमी होतो. पूर्वी लोक रात्री तेल काढून घरात ठेवत आणि सकाळी गरम करून पुन्हा ओतत. सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात, अँड्र्यू फ्रीमन हे एका वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. त्यांनी इंजिनाच्या एका बोल्टच्या जागी विजेवर तापणारा बोल्ट बसवला. १९४९ मध्ये त्याचं पेटंट त्यांना मिळालं.

वेगासाठी घेतलेली माझी गाडी मग रोज रात्री भिंतीतल्या प्लगला बांधलेली असे. निर्जन रस्त्यावर गाडी बंद पडली, तर तिथे जिवावर बेतू शकतं. त्यामुळे ती ताशी किती धावते, हे सांगणं मी सोडून दिलं. ''सकाळी सुरू होते,'' एवढंच अभिमानानं सांगायचो.