गोळा कोणाकडे आहे?

निकालाचे दिवस आहेत. मानपाड्यातील एखाद्या शाळेच्या कार्यालयात चार संगणक एका सामाईक साठ्याला जोडलेले आहेत आणि गुणपत्रकाची फाइल त्या साठ्यावर आहे. एक शिक्षिका ती उघडू जातात, तर पडद्यावर सूचना येते : फाइल दुसऱ्याने उघडलेली आहे, फक्त वाचता येईल. तो 'दुसरा' तर केव्हाच घरी गेलेला असतो!

हे कुलूप हवेच कशाला? समजा, दोघांनी एकच गुणपत्रक उघडले. एकाने गणिताचे गुण भरून साठवले. दुसऱ्याने आपल्या जुन्या प्रतीत विज्ञानाचे गुण भरले आणि नंतर साठवले. शेवटची प्रत उरते, गणिताचे गुण जातात. आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

असाच प्रश्न रेल्वेपुढे फार पूर्वी आला होता. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून काय करावे? भारतात अशा अनेक मार्गांवर नीलचे गोळायंत्र वापरले गेले. दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. एका यंत्रातून धातूचा गोळा बाहेर काढला, की तो परत यंत्रात जाईपर्यंत दुसरा गोळा कोणत्याच बाजूने निघत नसे. गोळा हाती नसेल तर चालकाने पुढे जायचे नाही.

संगणकशास्त्राने ही कल्पना नावासकट उचलली. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० नंतरच्या दशकात सामाईक साधनांच्या वाटपासाठी मांडलेल्या युक्तीचे नाव 'सेमाफोर', म्हणजे रेल्वेचा हाताचा सिग्नल!

खरी अडचण संगणकांचे जाळे आल्यावर सुरू झाली. १९८४ साली सन कंपनीने एनएफएस ही जाळ्यावरून फाइल वापरण्याची पद्धत आणली. कोणी काय उघडले आहे याची नोंद तिचा मुख्य संगणक ठेवत नसे. त्यामुळे तो बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काम पुढे चाले. पण कुलूप म्हणजेच तर नोंद! म्हणून कुलपांसाठी वेगळी यंत्रणा जोडावी लागली. आणि गोळा घेतलेल्या संगणकाचीच वीज गेली तर? १९८९ साली ग्रे आणि चेरिटन यांनी उपाय सुचवला : कुलूप मुदतीने द्यावे, वेळेत नूतनीकरण झाले नाही तर ते आपोआप सुटावे. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत (२०००) ही मुदत आली.

कार्यालयीन प्रणाली याशिवाय स्वतःची चिठ्ठी ठेवतात. वर्ड फाइलशेजारी ~$ या चिन्हांनी सुरू होणारी लपलेली फाइल करतो. तीत वापरणाऱ्याचे नाव असते. लिब्रेऑफिसही अशीच चिठ्ठी ठेवते. काम नीट संपले की ती पुसली जाते. प्रणाली मध्येच कोलमडली तर मात्र मागे राहू शकते.

मग चिठ्ठी सरळ पुसून टाकावी का? गोळा हरवला म्हणजे मार्ग मोकळा आहे असे रेल्वे कधीच धरत नाही. आधी सूचनेतील नाव वाचावे, त्या व्यक्तीला विचारावे, तिच्या संगणकावर फाइल उघडी नाही ना हे पाहावे, फाइलची एक प्रत काढून ठेवावी. चिठ्ठीला हात सर्वांत शेवटी.

वर्गात एक खेळ करून पाहा. दोन विद्यार्थ्यांना फळ्यावरची एकच बेरीज आपापल्या वहीत उतरवून, वाढवून, पुन्हा फळ्यावर लिहायला सांगा. आधी मोकळेपणी, मग एकच खडू देऊन. आणि तिसऱ्या वेळी खडू घेतलेल्या मुलाला हळूच वर्गाबाहेर पाठवा. पुढे काय करायचे, हे मुलांनाच ठरवू द्या.