विमा दावा : नकार आणि दिरंगाई

विमाधारकाने, त्याच्या नॉमिनीने किंवा वारसाने मागितलेली भरपाई कंपनीने पूर्ण किंवा अंशतः नाकारणे, अथवा होकार-नकार काहीच न कळवता प्रकरण लांबवत ठेवणे. भारतात या बाबतीतला कायदा विमाधारकाच्या बाजूने बराच पुढे आला आहे. तरीही नकाराचे पत्र हाती पडले की पुष्कळ कुटुंबे तेच अंतिम मानतात. घरात मृत्यू किंवा आजारपण झालेले असते, शेत पाण्याखाली असते, आणि समोर इंग्रजीतले, कलमांच्या आकड्यांनी भरलेले पत्र असते. ते पत्र म्हणजे कराराच्या एका पक्षाचे म्हणणे असते. ते तपासण्याचा अधिकार लोकपाल, ग्राहक आयोग आणि न्यायालये यांना आहे.

विम्याचा करार परम विश्वासाच्या तत्त्वावर उभा असतो. प्रस्तावपत्र भरताना वय, आजार, व्यवसाय, आधीच्या पॉलिसी ही माहिती खरी द्यावी लागते, आणि महत्त्वाची गोष्ट दडवली असेल तर कंपनीला क्लेम नाकारता येतो. खोटे दावे होतात आणि त्यांचा भार इतर विमाधारकांच्या हप्त्यावर पडतो, म्हणून हा अधिकार रास्तच आहे. मात्र त्याला मुदत आहे. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४५ नुसार पूर्वी दोन वर्षांनंतरही लबाडी सिद्ध करून आयुर्विमा नाकारता येत असे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली की कोणत्याही कारणासाठी, अगदी लबाडीच्या कारणासाठीही, तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली असेल, तर ही तीन वर्षे त्या तारखेपासूनही मोजली जाऊ शकतात. हप्ता चुकवू नये याचे हे मोठे कारण आहे. तीन वर्षांच्या आत, लबाडी नसताना, माहिती दडवल्याच्या कारणावरून पॉलिसी रद्द केली तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत करावे लागतात.

आरोग्य विम्यात वाद बहुधा ‘आधीपासूनचा आजार’ या शब्दांभोवती होतो. एप्रिल २०२४ पासून अशा आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याचा आक्षेप घेता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेले एक प्रकरण परदेशात राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी लक्षात ठेवावे असे आहे. परदेश प्रवासाचा मेडिक्लेम घेऊन अमेरिकेत गेलेल्या एका मधुमेही गृहस्थांना तिथे हृदयविकाराचा झटका आला. मधुमेह त्यांनी प्रस्तावपत्रात सांगितला होता आणि कंपनीने वैद्यकीय तपासणी करूनच पॉलिसी दिली होती. सांगितलेला आजार स्वीकारून पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराशी जोडून क्लेम नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. प्रस्तावपत्र एजंटाने भरले असेल तर सहीपूर्वी ते स्वतः वाचणे आणि त्याची प्रत जपणे याला एवढे मोल आहे.

रुग्णालयात कॅशलेस नाकारले गेले म्हणजे क्लेम संपला, हा समज सर्रास आढळतो. बिल भरून नंतर प्रतिपूर्ती मागता येते. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या (इर्डाई) २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो. डिस्चार्जच्या अंतिम बिलाला तीन तासांत मंजुरी द्यायची असते, आणि त्याहून उशीर झाल्याने रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा असतो. कंपनीच्या दावे पुनर्विलोकन समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, त्यामुळे टीपीएच्या, म्हणजे कंपनीतर्फे दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ संस्थेच्या, खिडकीवरचा तोंडी ‘नाही’ हा निर्णय ठरत नाही. अंशतः नकाराचा सर्वांत नेहमीचा प्रकार खोलीभाड्याचा आहे. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की त्या प्रमाणात इतर बिलही कापले जाते. पण औषधे, शरीरात बसवलेली उपकरणे आणि निदान चाचण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही, अतिदक्षता विभागाच्या आकारालाही नाही. कपातीचा तपशील मागून तो ओळीओळीने पडताळल्यास चूक हाती लागू शकते.

कळवायला झालेला उशीर हे नकाराचे दुसरे मोठे कारण. वाहन विम्याच्या पॉलिसीत चोरी कंपनीला ताबडतोब कळवण्याची अट असते. २०१० मध्ये चोरीला गेलेल्या एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात मालकाने पोलिसांत त्याच दिवशी फिर्याद दिली, पण कंपनीला ५२ दिवसांनी कळवले. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, फिर्याद वेळेवर दिलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून क्लेम नाकारता येणार नाही. नियामकाने तर २० सप्टेंबर २०११ लाच परिपत्रक काढून बजावले होते की, अटळ कारणाने उशीर झालेले खरे दावे तांत्रिक मुद्द्यावर फेटाळू नयेत. तिसरे कारण कागदपत्रांचे. चोरीला गेलेल्या एका ट्रकच्या बाबतीत कंपनी नोंदणी प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत मागत राहिली. आरटीओ ती देत नव्हते, कारण चोरीची नोंद झाल्याने तपशील तिथे कुलूपबंद झाला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह भरपाईचा आदेश दिला, आणि विमाधारकाच्या हाताबाहेरचा कागद मागून क्लेम अडवण्याच्या प्रवृत्तीबद्दल कंपन्यांना फटकारले.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत मोठे रूप शेतीत दिसते. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. स्थानिक आपत्तीचे किंवा काढणीनंतरचे नुकसान ७२ तासांत कळवण्याची अट तिच्यात होती. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने सोयाबीन हातचे गेले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, मुदतीत सूचना न दिल्याच्या कारणावरून लाखो शेतकरी भरपाईबाहेर राहिले. वीज आणि मोबाइलचे जाळे कोलमडलेले असताना, रान चिखलात बुडालेले असताना, ॲपवर तीन दिवसांत फोटो चढवण्याची अपेक्षा मुळातच अन्यायाची होती. महसूल आणि कृषी विभागाचे पंचनामे मात्र झालेले होते. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्याने २०२३ च्या खरिपात आणलेली एक रुपयात पीक विम्याची सोय २०२५ मध्ये बंद झाली. त्या वर्षीच्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरू लागली. ७२ तासांचा वाद त्यामुळे मागे पडला, पण एका शेतकऱ्याच्या बांधावरचे नुकसान महसूल मंडळाच्या सरासरीत हरवण्याचा धोका वाढला.

शेतकऱ्यांच्या अपघात विम्याचा अनुभव आणखी बोलका आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना विमा कंपन्यांमार्फत चालत असे. सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणे, रस्ता अपघात अशा मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये मिळायचे होते. सातबारा, फेरफार, वारसनोंदीचा गाव नमुना ६-क, शवविच्छेदन अहवाल या कागदांतली एखादी उणीव दाखवून प्रकरणे परत येत आणि विधवांना तालुक्याला खेटे घालावे लागत. अखेर एप्रिल २०२३ मध्ये शासनाने विमा कंपन्यांना या योजनेतून वगळले. दावे वेळेत मंजूर न करणे आणि अनावश्यक त्रुटी काढून नाकारणे, हे कारण देऊन शासनाने स्वतःच सानुग्रह अनुदान द्यायला सुरुवात केली. एका राज्य सरकारलाही जिथे कंपन्यांकडून वेळेत काम करून घेता आले नाही, तिथे एकट्या वारसाची काय अवस्था होत असेल याचा अंदाज यावा.

दिरंगाईला आज लेखी मर्यादा आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे आयुर्विम्याचा मृत्युदावा चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत, आणि चौकशी करायची असेल तर ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो. मुदत उलटल्यास बँक दरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज द्यावे लागते. हे व्याज विमाधारकाने न मागताही देय असते, तरी ते लेखी मागावे.

नकार आल्यावर पहिले काम म्हणजे तो लेखी, कारणासह आणि पॉलिसीच्या नेमक्या कलमाच्या उल्लेखासह घेणे. या पत्राचे महत्त्व फार आहे, कारण पत्रात न दिलेले कारण कंपनीला पुढे न्यायालयात नव्याने मांडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ आणि २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अपवादाचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, आणि कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर कंपनीच्या विरोधातला अर्थ धरला जातो. ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या व्हाउचरवर पैशाच्या निकडीपोटी सही केली असली तरी उरलेल्या रकमेचा हक्क संपतोच असे नाही. नियामकाने २०१५ मध्ये कंपन्यांना तसे कळवले आहे.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करून पोच घ्यावी. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. पोर्टल तक्रारीचा पाठपुरावा करते, पण वादाचा निवाडा करत नाही. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे लोकपालाची कार्यालये आहेत. तिथे शुल्क नाही, वकील चालत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद ऐकले जातात. सर्व कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी इतका स्वस्त आणि सरळ मार्ग दुसरा नाही, आणि तो अजूनही फारच कमी लोकांना ठाऊक आहे.

लोकपालाच्या निवाड्याने समाधान झाले नाही तर, किंवा तिकडे न जाता थेटही, ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा असतो. मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोणत्या आयोगाकडे जायचे हे मोबदला म्हणून दिलेल्या रकमेवर, म्हणजे विम्यात भरलेल्या हप्त्यावर, ठरते. त्यामुळे एक कोटीच्या पॉलिसीचा वादही बहुधा आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात चालतो. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. लोकपालाचा निवाडा ३० दिवसांत न पाळणाऱ्या कंपनीने पुढच्या प्रत्येक दिवसासाठी ५,००० रुपये द्यायचे असतात, आणि ही रक्कम सरकारजमा न होता तक्रारदाराला मिळते.