महान्यायवादी ते अपक्ष

आपल्या सीमाभागात ‘अपक्ष’ म्हटले की तिकीट न मिळाल्याने रुसून उभा राहिलेला उमेदवारच आधी आठवतो. तत्त्वासाठी पक्षाबाहेर गेलेला अपक्ष विरळा. म्हणून कॅनडातील जोडी विल्सन-रेबोल्ड या वकीलबाईंची हकीगत मला मोलाची वाटते.

मूलनिवासी समाजातील या बाई पूर्वी व्हँकूव्हरला सरकारी वकील होत्या. २०१५ साली त्या खासदार आणि न्यायमंत्री झाल्या. तेथे न्यायमंत्रीच महान्यायवादी असतो. मात्र खटल्यांबाबत त्याने मंत्रिमंडळाच्या दडपणाखाली निर्णय घ्यायचा नाही, असा संकेत आहे.

मॉन्ट्रियलच्या एसएनसी-लावालिन या बांधकाम कंपनीवर लिबियातील अधिकाऱ्यांना सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर लाच दिल्याचा आरोप होता. खटला टाळून दंडावर तडजोड करण्याची सोय २०१८ साली कायद्यात आली. पण सरकारी अभियोक्त्यांनी ती या कंपनीला नाकारली. हा निर्णय फिरवावा म्हणून पंतप्रधान ट्रूडो आणि त्यांच्या माणसांनी आपल्यामागे लकडा लावला, अशी साक्ष बाईंनी फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदीय समितीपुढे दिली. हे बेकायदा नव्हे, पण अनुचित होते, असेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

दडपणाची कारणे आपल्या ओळखीची आहेत. नोकऱ्या जातील, क्वेबेकमध्ये निवडणूक आहे! क्वेबेक हा फ्रेंच भाषिकांचा प्रांत; ही कंपनी तिथला अभिमान. वास्तविक परदेशी लाचखोरीच्या प्रकरणात देशाचे आर्थिक हित विचारात घेऊ नये, असे त्याच कायद्यात लिहिलेले होते.

जानेवारी २०१९ मध्येच बाईंचे खाते बदलले होते. फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला, एप्रिलमध्ये पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढले. ऑगस्टमध्ये नीतिमत्ता आयुक्तांनी ट्रूडोंनी हितसंबंधविषयक कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. ऑक्टोबरच्या निवडणुकीत बाई अपक्ष म्हणून निवडून आल्या. त्यांच्याबरोबर पक्ष गमावलेल्या माजी मंत्री जेन फिलपॉट मात्र हरल्या. डिसेंबरमध्ये कंपनीच्या एका शाखेने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला, दंड २८ कोटी डॉलर. लाचेचा आरोप मागे घेतला गेला. २०२१ मध्ये बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत.

म्हणजे विजय अर्धाच. तरीही दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. भाषेवर आपले प्रेम आहे आणि ते असावे. पण ‘आपला माणूस’, ‘आपल्या पोरांच्या नोकऱ्या’ असे म्हणत कुणी हिशेब झाकू लागला, तर त्याला आपल्याच भाषेत जाब विचारला पाहिजे.