तळहातावरचा लिओनेल्लो

युरोपातल्या मोठ्या संग्रहालयांत रंगचित्रांच्या दालनांत गर्दी असते. काचेच्या कपाटांत मांडलेल्या ब्राँझच्या गोल चकत्यांपुढे मात्र फारसे कोणी थांबत नाही. वाचकांनी त्यांच्यापुढे थोडे थांबावे, एवढ्याच हेतूने हे पुस्तक लिहिले आहे. विषय लहान दिसतो, पण त्यात राजकारण, विद्वत्ता, लग्नसंबंध आणि थट्टामस्करी असे बरेच काही सामावलेले आहे.

पंधराव्या शतकातल्या इटलीत उमराव मंडळी स्वतःच्या चेहऱ्याची पदके ओतवून घेऊ लागली. ही पदके छातीवर लावण्यासाठी नव्हती आणि बाजारात चालवण्यासाठीही नव्हती. ती स्नेह्यांना, व्याह्यांना, विद्वानांना, शेजारच्या दरबारांना भेट म्हणून जात. या प्रथेचा आरंभ साधारणपणे १४३८-३९च्या सुमारास मानतात. पूर्व आणि पश्चिमेकडच्या ख्रिस्ती पंथांची एकी व्हावी आणि तुर्कांविरुद्ध मदत मिळावी या आशेने बायझँटाइन सम्राट जॉन आठवा पॅलिओलोगस धर्मपरिषदेसाठी इटलीतल्या फेरारा शहरात आला होता. पिसानेल्लो या चित्रकाराने त्याचे पदक घडवले. प्राचीन रोमन नाण्यांचा नाद असलेल्या तिथल्या दरबारी मंडळींना ही कल्पना लगेच भावली. सम्राटाचा मान एका छोट्या संस्थानिकालाही धातूत मिळवता येतो, हे त्यांनी ओळखले.

त्या मंडळींतला सगळ्यांत रसिक माणूस म्हणजे लिओनेल्लो देस्ते. तो फेराराच्या मार्क्विसचा, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाचा अनौरस मुलगा. विख्यात गुरू ग्वारिनो यांच्या हाताखाली त्याचे शिक्षण झाले आणि १४४१मध्ये तो गादीवर आला. लढाया जिंकणाऱ्यांत त्याची गणना होत नाही. ग्रंथ आणि विद्वानांचा सहवास यांत तो रमे. पिसानेल्लोने त्याची अनेक पदके केली. नवख्या वाचकाने आधी १४४४चे पदक पाहावे, असे मी सुचवेन. त्या वर्षी आरागॉन आणि नेपल्सचा राजा आल्फोन्सो याची मुलगी मारिया हिच्याशी लिओनेल्लोचे लग्न झाले, आणि हे त्या लग्नाचे पदक.

त्याचा व्यास सुमारे १० सेंटिमीटर, म्हणजे तळहात भरून जाईल एवढा. दर्शनी बाजूला लिओनेल्लोचा डावीकडे पाहणारा चेहरा आहे: दाट कुरळे केस, भारी वेलबुट्टीचा अंगरखा. भोवतीच्या लॅटिन लेखात त्याची पदवी आणि फेरारा, रेज्जो, मोदेना या मुलखांची नावे आहेत. त्यातच काही शब्द लघुरूपात येतात. त्यांचा अर्थ ‘आरागॉनच्या राजाचा जावई’. सासऱ्याचा मोठेपणा मिरवायला जागा थोडी होती, तरी ती सोडलेली नाही!

आता तुम्ही पदक उलटा. मागे एक भलामोठा सिंह उभा आहे आणि त्याच्यासमोर क्युपिड, म्हणजे रोमनांचा मदन, हातात स्वरलिपीचा कागद धरून त्याला गाणे शिकवतो आहे. लिओनेल्लो या नावाचा अर्थच ‘छोटा सिंह’. नवरदेवाला प्रेमाचे सूर शिकवले जात आहेत, ही थट्टा पाहणाऱ्याला चटकन कळत असणार. मागे खडकाळ डोंगर, वाळक्या फांदीवर देस्ते घराण्याचा गरुड आणि एका स्तंभावर वाऱ्याने फुगलेले शीड. त्या स्तंभावरच रोमन अंकांत साल घातले आहे. माझ्या मते पदकाची ही बाजू दर्शनी बाजूपेक्षा सरस आहे. चेहरा कोरणारे कारागीर पुढे पुष्कळ झाले, पण एवढ्याशा गोलात इतकी मोकळी जागा राखणे फार थोड्यांना जमले. ‘चित्रकार पिसानोची कृती’ अशी सही पिसानेल्लोने इथेही केली आहे. धातूत काम करतानाही तो स्वतःला चित्रकारच म्हणवत असे.

पदक कसे बनते, हेही आधीच ठाऊक असलेले बरे. कलावंत पाटीच्या दगडासारख्या सपाट पृष्ठावर मेणाचे दोन नमुने घडवतो, एकेका बाजूचा एक. त्यांवरून साचे घेऊन वितळलेले ब्राँझ ओततात आणि थंड झाल्यावर छिन्नीने कडा व बारकावे साफ करतात. नाण्यासारखा ठोकून छाप उठवलेला नसतो, म्हणून उठावाला एक मऊपणा येतो. मूळ पदकावरून पुन्हा साचा घेऊन ओतलेली नक्कल जरा लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. शिवाय केसांच्या रेषा, कापडावरची वेलबुट्टी बुजू लागते. त्यामुळे एकाच पदकाच्या दोन प्रती समोर आल्या, तर आधी मोजपट्टी लावावी आणि मग केसांकडे पाहावे. पदकांचे अभ्यासक जी. एफ. हिल यांच्या १९३०च्या सूचीने पदकांच्या अभ्यासाला जी शिस्त लावली, तिच्याच आधारावर आजचे अभ्यासक काम करतात.

वाचकांनी पुस्तक क्रमानेच वाचावे असा आग्रह नाही. ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांनी फेरारावरच्या प्रकरणापासून, आणि ज्यांना हस्तकौशल्यात रस आहे त्यांनी ओतकामावरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. कोड्यांची आवड असेल, तर थेट लिओनेल्लोच्या लहान पदकांकडे वळा: एकावर तीन तोंडांचे बालमस्तक आहे, दुसऱ्यावर उशीवर बसलेला, डोळ्यांवर पट्टी बांधलेला लिंक्स, म्हणजे एक रानमांजर. त्यांच्या अर्थाबद्दल विद्वानांचे अजून एकमत नाही, तेव्हा तुमच्या तर्कालाही तिथे पुरेशी जागा आहे.